निशाणी ५: मनाई हुकूम मिळतो कसा आणि त्यावरचं अपील चालतं कसं

जमिनीचा दावा दाखल झाला की गावात पहिला प्रश्न एकच असतो, ‘स्टे मिळाला का?’ निकालाचं कुणी विचारत नाही. निकाल लागेपर्यंत विचारणारा आणि सांगणारा दोघंही असतील, याची खात्री कुणालाच नसते. आणि खरं सांगायचं तर गावाचं हे गणित बरोबर आहे. दिवाणी दाव्यात सुरुवातीच्या काही आठवड्यांत तात्पुरत्या मनाईचा जो हुकूम होतो, त्यावरच पुढची कितीतरी वर्षं शेत कोण पेरणार, भिंत उभी राहणार की नाही, फ्लॅट विकला जाणार की नाही हे ठरतं.

महाराष्ट्रातल्या कोर्टांत या अर्जाला ‘निशाणी ५’ म्हणूनच ओळखतात. दाव्याच्या फाइलीत दाखल झालेल्या कागदांवर निशाणीचे क्रमांक पडतात. वादपत्र निशाणी १, आणि तूर्तातूर्त मनाईचा अर्ज रिवाजाने निशाणी ५. त्यामुळे वकील एकमेकांना ‘नि. ५ वर ऑर्डर झाली’ एवढंच सांगतात आणि काम भागतं.

या नि. ५ बद्दल पक्षकारांच्या डोक्यात एक समजूत पक्की बसलेली असते: खाली नाही मिळाला तर वर मिळेल. जिल्हा कोर्ट आहे, हायकोर्ट आहे, अगदीच झालं तर दिल्ली आहे. या समजुतीपायी पहिल्या अर्जात हयगय होते, कागद अर्धे लागतात आणि नंतर वर जाऊन हात चोळत बसावं लागतं. वरची कोर्टं आहेत हे खरं. पण मनाईच्या हुकुमावरचं अपील हे फार अरुंद दार आहे, आणि त्यातून नवं सामान आत नेता येत नाही.

मनाई दोन प्रकारची. दाव्याच्या शेवटी, साक्षीपुरावा झाल्यावर मिळते ती कायमची. तिचे नियम १९६३ च्या विशिष्ट सहाय्य कायद्यात आहेत. दावा चालू असताना मिळते ती तात्पुरती, आणि तिचे नियम १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ मध्ये. आपला विषय मुख्यतः दुसरीचा.

न्यायाधीश काय बघतात

समजा, तुमच्या आणि शेजाऱ्याच्या गटामध्ये जुना बांध आहे. शेजाऱ्याने मोजणी आणली. ‘क’ प्रतीच्या, म्हणजे मोजणी खात्याने दिलेल्या नकाशावर बोट ठेवून तो म्हणतो, तुझ्याकडे माझे चार गुंठे निघतात. रविवारी रात्री बांधाशी जेसीबी येऊन उभा राहिला. सोमवारी सकाळी तुम्ही वकिलाच्या ऑफिसात. दुपारपर्यंत दावा दाखल, सोबत शपथपत्रासह नि. ५, आणि वकील न्यायाधीश साहेबांसमोर उभे.

साहेब तीन गोष्टी तपासतात. पहिली, प्रथमदर्शनी केस: कागदांवरून वरवर पाहता तुमच्या म्हणण्यात तथ्य दिसतं का? दावा तुम्हीच जिंकणार असं इथे दाखवावं लागत नाही, पण तपासण्याजोगा खरा वाद आहे एवढं तरी दिसायला हवं. दुसरी, भरून न येणारं नुकसान: मनाई दिली नाही आणि पुढे तुम्ही जिंकलात, तर झालेलं नुकसान पैशाने भरून निघेल का? तिसरी, सोयी-गैरसोयीचा तोल: मनाई दिल्याने शेजाऱ्याला होणारा त्रास मोठा की न दिल्याने तुम्हाला होणारा? सुप्रीम कोर्टाने १९९२ च्या दलपतकुमार खटल्यात हे तिन्ही निकष एकत्र लागले पाहिजेत असं स्पष्ट सांगितलं आहे. नुसती प्रथमदर्शनी केस आहे म्हणून मनाई मिळत नाही.

बऱ्याच अर्जांत या तीन ओळी छापील असतात. ‘वादीची प्रथमदर्शनी केस आहे, सोयी-गैरसोयीचा तोल वादीच्या बाजूने आहे, मनाई न दिल्यास वादीचे कधीही भरून न येणारे नुकसान होईल.’ नाव आणि गट नंबर बदलला की अर्ज तयार! असा अर्ज वाचून न्यायाधीशाला काही कळत नाही. बांध तुटला तर बांधावरची वीस वर्षांची आंब्याची झाडं जातात, पाण्याचा पाट वळतो, खालच्या तुकड्यात पावसाळाभर पाणी साचतं, हे लिहिलं तर भरून न येणारं नुकसान म्हणजे काय ते दिसतं.

शिवाय न्यायाधीश तुमचं वागणंही बघतात. मनाई ही मागणाऱ्याचा हक्क म्हणून मिळत नाही, ती कोर्टाच्या विवेकाधिकारात येते. याचं एक गाजलेलं उदाहरण शीतपेयांचं आहे. गुजरातमधल्या एका बाटलीबंद करणाऱ्या कंपनीचा कोका-कोलाशी करार होता. पुढे त्या कंपनीचे शेअर पेप्सीच्या बाजूने गेले आणि कराराची मुदत संपायच्या आत दुसऱ्या गोटात जाण्याची तयारी सुरू झाली. मुंबई हायकोर्टाने मनाई केली. ती उठवून घ्यायला कंपनी सुप्रीम कोर्टात गेली, तेव्हा १९९५ साली तिला ऐकावं लागलं की जो स्वतः करार धाब्यावर बसवतो, त्याला मनाईच्या बाबतीत न्यायबुद्धीची दाद मागायला तोंड नाही. मनाई कायम राहिली. ज्याने आपल्या अर्जात आधीचा फेटाळलेला दावा लपवला किंवा नोटीस मिळूनही मिळाली नाही म्हटलं, त्याचंही हेच होतं.

मालकी वेगळी, कब्जा वेगळा

शेतीच्या दाव्यात खरा झगडा कब्ज्याचा असतो. मनाई मागायची तर दाव्याच्या तारखेला कब्जा तुमचा होता हे दाखवायला लागतं. इथे सातबारा कामाला येतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदीतली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. त्याने मालकी ठरत नाही, पण नि. ५ च्या टप्प्यावर ‘प्रथमदर्शनी’ म्हणून ती वजनदार असते. एकट्या सातबाऱ्यावर भिस्त मात्र ठेवू नये. आता ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवरून पीक नोंदवतो, तेव्हा ‘ही नोंद वादीनेच केली आहे’ असं समोरचा वकील म्हणणारच. विहिरीचं वीजबिल, सोसायटीचं पीककर्ज, कारखान्याला ऊस गेल्याच्या पावत्या, जुने फेरफार, तारखेसह फोटो, शेजारच्या खातेदारांची शपथपत्रं: हे सगळं पहिल्याच दिवशी लागलं पाहिजे. कब्जा कुणाचा हे शोधून काढायला कोर्ट कमिशनर नेमत नाही. कमिशन हद्दीच्या मोजणीसाठी असतं, पक्षकाराचा पुरावा गोळा करून द्यायला नसतं.

मालक नाही, पण कित्येक वर्षं स्थिर कब्ज्यात आहे, अशा माणसाला दांडगाईने हुसकावता येत नाही. मालकालाही कायद्याची वाट धरावी लागते. हे सुप्रीम कोर्टाने २००४ च्या रामे गौडा खटल्यात सांगितलं. पण याचा अर्थ कुणीही आत घुसून बसावं आणि मालकाविरुद्धच मनाई मिळवावी असा नाही. गोव्याच्या एका घराचा वाद २०१२ साली सुप्रीम कोर्टात निकाली निघाला. बहिणीच्या घरात भाऊ राखणदार म्हणून राहत होता आणि त्या राहण्यावरून त्याने कब्ज्याचा हक्क सांगितला. कोर्टाचं म्हणणं असं: राखणदार, नोकर किंवा आपुलकीपोटी ठेवून घेतलेला नातेवाईक कितीही वर्षं राहिला तरी त्याचा कब्जा मालकाच्या वतीनेच असतो. त्याला मनाईचं छत्र मिळत नाही. मुंबई-पुण्यात ज्यांनी गावाकडचं घर चुलतभावाच्या भरवशावर सोडलं आहे आणि ज्यांनी ते सांभाळलं आहे, त्या दोघांनीही हा निकाल माहीत करून घ्यावा.

भावकीच्या दाव्यांत आणखी एक अडचण येते. एकत्र मिळकतीत प्रत्येक हिस्सेदार तत्त्वतः इंचाइंचाचा मालक असतो. म्हणून एका भावाने दुसऱ्याविरुद्ध ‘शेतात पाय ठेवू नये’ अशी नुसती मनाई मागितली तर कोर्ट विचारतं, वाटपाचा दावा का केला नाही? मालकीवरच गंभीर वाद असेल तर नुसत्या मनाईचा दावा पुरत नाही, मालकी जाहीर करून मागावी लागते. २००८ च्या अनाथुला सुधाकर खटल्यापासून हे सूत्र सगळीकडे लागतं. दाव्याचा साचाच चुकला की नि. ५ तिथेच लंगडी पडते.

एकतर्फी हुकूम

पुन्हा बांधावर येऊ. जेसीबी उभा आहे, नोटीस काढून शेजाऱ्याचं म्हणणं येईपर्यंत बांध राहणार नाही. अशा वेळी नोटिशीशिवाय, एकतर्फी मनाई मिळू शकते. पण कायद्याचा नियम आहे आधी नोटीस. एकतर्फी हुकूम हा अपवाद. आदेश ३९ नियम ३ प्रमाणे, नोटीस काढली तर मनाईचा हेतूच फसेल असं का वाटलं, याची कारणं न्यायाधीशाने लिहायलाच हवीत. दिल्लीतल्या बेकायदा बांधकामांच्या दाव्यांत, शिवकुमार चड्ढा खटल्यात, सुप्रीम कोर्टाने १९९३ साली हे बंधनकारक ठरवलं.

एकतर्फी हुकूम हातात पडला म्हणजे वादीचं काम संपलं असं नाही. अर्ज, शपथपत्र, वादपत्र आणि कागदांच्या प्रती लगेच प्रतिवादीला द्याव्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवाव्या लागतात, आणि तसं केल्याचं शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करावं लागतं. हे न केल्याने चांगले हुकूम हातचे गेलेले आहेत. आणि नियम ३अ प्रमाणे कोर्टाने तीस दिवसांत दोन्ही बाजू ऐकून अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा असतो. हे तीस दिवस व्यवहारात किती लांबतात ते तारखा घेणाऱ्यांना माहीत आहे. बेलिफ जातो, प्रतिवादी घरी नसतो, बजावणी होत नाही, पुढची तारीख.

खूप वेळा न्यायाधीश एकतर्फी मनाई देत नाहीत, ‘कारणे दाखवा’ नोटीस काढतात आणि जवळची तारीख देतात. पक्षकाराचा चेहरा तेवढ्यानेच उतरतो. वास्तविक ती हार नाही. उलट दोन्ही बाजू ऐकून झालेला हुकूम अपिलात जास्त टिकतो.

समोरचा दावा करणार अशी कुणकुण लागली असेल तर आधीच कॅव्हेट दाखल करून ठेवावं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खालचं हे कॅव्हेट नव्वद दिवस चालतं, आणि तोवर तुम्हाला कळवल्याशिवाय तुमच्याविरुद्ध हुकूम होऊ नये अशी व्यवस्था असते. ज्याच्या दारात जेसीबी आहे त्याने नव्हे, जेसीबी ज्याने आणलाय त्याने हे करायचं असतं. बहुधा तो ते विसरतो.

एकतर्फी मनाई झालीच, तर प्रतिवादीला दोन वाटा आहेत: त्याच कोर्टात नियम ४ खाली हुकूम रद्द करण्याचा अर्ज, किंवा सरळ अपील. वादीने जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगून एकतर्फी हुकूम घेतला असेल, तर तो सहसा उठवायचाच असं कायदा म्हणतो. माझं मत, अगदी आणीबाणी नसेल तर आधी त्याच कोर्टात जावं. तिथे तुमचे कागद पहिल्यांदा वाचले जातात. अपिलात गेलात तर वरचं कोर्ट विचारतं, खालच्या साहेबांना हे दाखवलं होतं का? तीस दिवस उलटले तरी खालचं कोर्ट अर्जावर निर्णय देत नसेल, तर मात्र अपिलाचा दरवाजा ठोठवायला हरकत नाही. सुप्रीम कोर्टाने २००० साली वेंकटसुब्बय्या नायडू खटल्यात हा मार्ग मोकळा केला आहे.

हुकूम मोडला तर

मनाई असूनही शेजाऱ्याने बांध फोडला, तर नियम २अ खाली अर्ज करता येतो. कोर्ट त्याची मालमत्ता जप्त करू शकतं, आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेतही पाठवू शकतं. ‘हुकूमच बेकायदा होता, मग मी का पाळू?’ हा बचाव चालत नाही. मुंबईच्या हिंद रबर खटल्यात दावा ऐकायचा अधिकार सिटी सिव्हिल कोर्टाला नव्हताच, असं पुढे ठरलं. तरीही तसं ठरेपर्यंतचा अंतरिम हुकूम मोडणारा शिक्षेला पात्र आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९९७ साली सांगितलं. हुकूम चुकीचा वाटत असेल तर तो उठवून घ्यायचा, तोवर पाळायचा.

उलट बाजूही आहे. पुरेसं कारण नसताना मनाई मिळवून दुसऱ्याला अडकवलं, तर कलम ९५ खाली पन्नास हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा हुकूम होऊ शकतो. आजच्या जमिनीच्या भावात ही रक्कम कुणाला घाबरवणारी नाही, हेही खरं.

अपील: पेपर तोच, उत्तरपत्रिका तीच

आता मुख्य मुद्दा. तात्पुरती मनाई दिली किंवा नाकारली, दोन्हींवर अपील आहे: आदेश ४३ नियम १, खंड (र). तालुक्याच्या किंवा वरिष्ठ स्तराच्या कोर्टाच्या हुकुमावर हे अपील सर्वसाधारणपणे जिल्हा न्यायालयात किरकोळ दिवाणी अपील म्हणून दाखल होतं. मुंबईत सिटी सिव्हिल कोर्टाच्या हुकुमावर थेट हायकोर्टात जावं लागतं. तिथे त्याला ‘अपील फ्रॉम ऑर्डर’ म्हणतात, वकिलांच्या बोलण्यात नुसतं ‘एओ’. मुदत जिल्हा कोर्टात तीस दिवस, हायकोर्टात नव्वद. हुकुमाची नक्कल मिळायला लागलेला काळ यातून वगळतात, म्हणून हुकूम झाला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकावा.

या अपिलात नेमकं काय तपासतात? बोर्डाच्या पेपरची फेरतपासणी आठवा. परीक्षकाने उत्तर तपासलंच नाही, बेरीज चुकवली, अभ्यासक्रमाबाहेरचा निकष लावला, तर गुण बदलतात. ‘मी असतो तर दोन गुण जास्त दिले असते’ एवढ्यावर बदलत नाहीत. सुप्रीम कोर्टाने १९९० च्या वॉन्डर विरुद्ध अँटॉक्स खटल्यात हेच सूत्र घालून दिलं. ‘कॅल-डी-सी’ या कॅल्शियमच्या गोळ्यांच्या नावावरून दोन औषध कंपन्यांत वाद होता. मद्रास हायकोर्टात एकल न्यायमूर्तींनी मनाई नाकारली, खंडपीठाने अपिलात ती दिली, सुप्रीम कोर्टाने खंडपीठाचा हुकूम रद्द केला. कारण? खालच्या न्यायाधीशाने विवेकाधिकार मनमानीने, लहरीपणाने किंवा प्रस्थापित तत्त्वं डावलून वापरला असेल तरच अपील कोर्टाने हात घालायचा. दोन मतं शक्य असतील आणि खालच्याने त्यातलं एक घेतलं असेल, तर आपलं दुसरं मत त्याच्यावर लादायचं नाही. गेली तीसेक वर्षं मनाईच्या अपिलात प्रतिपक्षाचा वकील सहसा याच खटल्यापासून सुरुवात करतो.

म्हणून अपिलाच्या मेमोत ‘विद्वान न्यायाधीशांनी पुराव्याचा योग्य विचार केला नाही’ असं मोघम वाक्य निरुपयोगी आहे. कागदयादीतला अमुक क्रमांकाचा फेरफार हुकुमात कुठेच आलेला नाही. २०१५ पासूनच्या सातबाऱ्यावर आमचं पीक असताना प्रतिवादीचं आहे असं लिहिलं. सोयी-गैरसोयीच्या मुद्द्यावर एक ओळसुद्धा नाही. अशा ठोस चुका दाखवाव्या लागतात. आणि नवे कागद? अपिलात नवा पुरावा आणण्यावर संहितेने कडक अटी घातल्या आहेत. घरात ट्रंकेत पडलेलं खरेदीखत तेव्हा सापडलं नाही, आता सापडलं, या कथेवर न्यायाधीशांचा विश्वास सहजासहजी बसत नाही.

एक व्यावहारिक खाच इथे फार लोकांना नडते. नि. ५ मंजूर झाली आणि प्रतिवादी अपिलात गेला, तर तो त्या हुकुमाला स्थगिती मागू शकतो. पण नि. ५ फेटाळली गेली आणि वादी अपिलात गेला, तर नुसती स्थगिती मागून काय होणार? फेटाळण्याच्या हुकुमाला स्थगिती दिली तरी मनाई अस्तित्वात येत नाही. त्याने अपील कोर्टाकडे अपील चालेपर्यंतची नवी अंतरिम मनाई मागायला हवी. दुसरं, नि. ५ फेटाळल्याबरोबर आधीची एकतर्फी मनाई गळून पडते. म्हणून हुकूम वाचला जात असतानाच उभं राहून ‘अपिलासाठी काही दिवस आधीचा हुकूम चालू ठेवावा’ असा अर्ज द्यावा लागतो. साहेब देतील किंवा देणार नाहीत. पण मागितलं नाही आणि हुकुमाची नक्कल मिळायच्या आत बांध गेला, तर मग अपिलात राहतं काय?

याच्या उलट टोकाला मुंबईचा वॉर्डन खटला आहे. एका कुटुंबाच्या राहत्या घराचा अविभक्त हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेतला आणि तो घरात शिरला. राहत्या घराचा हिस्सा विकत घेणाऱ्या परक्याला एकत्र कब्ज्याचा हक्क नाही, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ सांगतं. पहिल्या कोर्टाने दावा चालू असतानाच त्याला बाहेर पडण्याचा हुकूम दिला. हायकोर्टाने अपिलात तो उलटवला, सुप्रीम कोर्टाने १९९० साली पुन्हा कायम केला. ‘करू नको’ म्हणणाऱ्या मनाईपेक्षा ‘केलेलं मागे घे’ म्हणणारी मनाई दाव्याच्या मध्यात मिळणं खूप अवघड, पण अशक्य नाही, आणि ती कधी द्यायची याचे निकष या निकालाने घालून दिले.

जिल्हा न्यायालयाने अपील निकाली काढलं की त्यावर पुन्हा अपील नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०४ चं पोटकलम (२) तसं स्वच्छ सांगतं. पुनरीक्षणाची (रिव्हिजनची) वाटही २००२ च्या दुरुस्तीनंतर अशा मधल्या हुकुमांसाठी जवळजवळ बंद झाली. उरतो संविधानाचा अनुच्छेद २२७, म्हणजे खालच्या कोर्टांवर देखरेख ठेवण्याचा हायकोर्टाचा अधिकार. त्याला अपिलासारखं वापरता येत नाही. मुंबईतूनच गेलेल्या शालिनी शेट्टी खटल्यात २०१० साली सुप्रीम कोर्टाने हायकोर्टांना बजावलं की हा अधिकार क्वचित वापरायचा आहे, वस्तुस्थितीच्या चुका दुरुस्त करण्यासाठी नाही. तेव्हा तिन्ही पायऱ्यांवर दार अरुंद होत जातं.

अपिलात गेलं म्हणून मूळ दावा थांबत नाही, हेही ध्यानात ठेवावं. नि. ५ मधली निरीक्षणं प्रथमदर्शनी असतात, शेवटच्या निकालात ती बांधील नसतात. कित्येकदा तीन वर्षं मनाईच्या अपिलात घालवण्यापेक्षा दावा लवकर चालवायचा अर्ज करणं शहाणपणाचं ठरतं. वकिलांना हा सल्ला देणं जड जातं आणि पक्षकारांना तो पचायला जड जातो.

आणि हायकोर्टाने खटल्याला दिलेला स्टे सहा महिन्यांनी आपोआप उठतो, असं अजूनही कोर्टाच्या आवारात ऐकू येतं. तो २०१८ च्या एका निकालाचा परिणाम होता. २०२४ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो नियम मोडीत काढला.

दार चुकलं तर

काही वाद दिवाणी कोर्टात जायचेच नसतात. शेताचा रस्ता किंवा पाण्याचा पाट शेजाऱ्याने अडवला तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत हवा, हे विसरू नये. बँकेने थकीत कर्जापोटी सरफेसी कायद्याखाली केलेल्या कारवाईला दिवाणी कोर्ट मनाई करू शकत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेतले पुष्कळ वाद सहकार न्यायालयाचे. सरकारविरुद्ध दावा असेल तर कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, आणि घाईचं कारण दाखवून ती टाळली तरी सरकारला ऐकून घेतल्याशिवाय अंतरिम हुकूम नाही.

या नोटिशीपायी महाराष्ट्रात एक वेगळंच महाभारत घडलं. मुंबईच्या सिटी सिव्हिल कोर्टात लोक नोटीस न देताच सरकारविरुद्ध दावा लावायचे, अंतरिम हुकूम मिळवायचे, मग दावा मागे घेऊन पुन्हा लावायचे. हे थांबवायला राज्याने १९७० साली संहितेत कलम ९अ घातलं आणि केंद्राच्या दुरुस्तीत ते पुसलं गेल्यावर १९७७ मध्ये पुन्हा घातलं. मनाईच्या अर्जाच्या वेळी कोर्टाच्या अधिकाराचा आक्षेप आला तर तो आधी, प्राथमिक मुद्दा म्हणून निकाली काढायचा. झालं भलतंच. प्रतिवादी प्रत्येक दाव्यात आक्षेप घेऊ लागले, त्यावर साक्षीपुरावे, त्यावर वरच्या कोर्टांत फेऱ्या, आणि नि. ५ वर्षानुवर्षं तशीच. दरम्यान वादीला मिळालेला तात्पुरता दिलासाही चालूच. शेवटी २०१८ मध्ये राज्याने हे कलम काढून टाकलं.

दाव्याचा निकाल लागल्यावर

दावा निकाली निघाला की तात्पुरत्या मनाईचं आयुष्य संपतं. दावा मंजूर झाला तर तिची जागा कायमची मनाई घेते. फेटाळला गेला तर तीही त्याच वेळी जाते, आणि पहिल्या अपिलासोबत नवा अर्ज करावा लागतो. कलम ९६ चं हे पहिलं अपील नि. ५ वरच्या अपिलापेक्षा फार रुंद असतं. तिथे पुरावा पुन्हा तपासायचा आणि साक्षीदार खरं बोलला की खोटं हे पुन्हा ठरवायचा पूर्ण अधिकार अपील कोर्टाला आहे. त्यानंतरचं कलम १०० चं दुसरं अपील हायकोर्टात, आणि तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न निघत असेल तरच. बांध कुठे होता आणि पेरत कोण होतं, हे वस्तुस्थितीचे प्रश्न आहेत. खालच्या दोन्ही कोर्टांनी त्यांवर एकच उत्तर दिलं असेल, तर हायकोर्टात असं अपील कितीतरी वेळा दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच फेटाळलं जातं.